दोन रात्रींचा थंडीतला ट्रेक: सॅक जड, तरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा दम संपलेला

डिसेंबर आला की आमच्या ट्रेकवाल्या मंडळींत हीच तक्रार फिरून फिरून येते. खायचं सामान एवढं घेतलं होतं की सॅक उचलवत नव्हती, तरी दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सगळे गळाले, रात्री कुडकुडले आणि घरी परत येताना निम्मं सामान तसंच परत आलं. मग पुढच्या वेळी उपाय म्हणून काय करतात, तर अजून सामान घेतात. किराणा मी बघतो म्हणून दरवेळी हे माझ्याच गळ्यात येतं, तेव्हा म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवू.

उदाहरण म्हणून रतनगड ते हरिश्चंद्रगड धरू. रतनवाडीतून वर, मग कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगड, दोन रात्री तीन दिवस. चालणं भरपूर, रात्री थंडी कडक, दिवसा उन्हात घाम, म्हणजे अंगाला दोन्हीकडून मार. असा दिवस धडधाकट माणसाला सहज ३००० कॅलरी मागतो, चढ जास्त असेल तर त्याहून वर. आणि खरं सांगू का, अन्न कमी पडलं असं फार क्वचित होतं. सॅकेत असलेलं अन्न पोटात पोचत नाही, हा खरा घोळ आहे.

आधी उरलेलं सामान बघा

घरी आल्यावर सॅक रिकामी करताना काय उरलंय ते नीट बघा, रोग काय ते तिथेच कळतं. कच्चे बटाटे, कांदे, तांदूळ, डाळ उरली असेल तर तुमचा प्रॉब्लेम शिजवण्याचा आहे. लाडू, चिक्की, सुकामेवा उरला असेल तर तो हाताशी नव्हता किंवा खाण्यासारखा राहिला नव्हता. चहा-सूपची पाकिटं आणि गॅसचा अर्धा कॅन उरला असेल तर तुम्ही गरम पाणी प्यायला आळस केलाय. आणि काहीच उरलं नाही तरी भूक होती, तरच सामान खरंच कमी होतं असं म्हणा, हा प्रकार मी तरी फारसा बघितलेला नाही.

कच्चं उरतंय

सगळ्यात कॉमन केस. डिसेंबरात सहा वाजता सूर्य बुडतो, साडेसहाला अंधार. कॅम्पवर पोचायला तीच वेळ होते, मग तंबू लावा, टाक्यावरून पाणी आणा, मग कुणीतरी हेडटॉर्च लावून कांदा चिरायला बसतो, वारा सुटलेला असतो, स्टोव्हची आच अर्धी बाहेरच जाते आणि तूरडाळ काही शिजत नाही. ती शिजणारही नाही, कारण हरिश्चंद्रगडाची उंची साधारण १४२४ मीटर, तिथे पाणी ९५ डिग्रीच्या आसपासच उकळतं (दर ३०० मीटरला ढोबळमानाने एक डिग्री कमी होते), आणि कुकर कुणी नेलेला नसतो. साडेनऊला अर्धकच्ची खिचडी समोर येते, लोक दोन घास खातात आणि झोपायला जातात. दुसऱ्या दिवशी जे गळतात ते याच जेवणामुळे, चालण्यामुळे नाही.

उपाय एकच: उकळतं पाणी ओतून होणारं किंवा फार तर पाच-सात मिनिटांत होणारंच न्यायचं. त्यासाठी महागडी तयार पाकिटं लागत नाहीत, आपल्या घरात हे सगळं आधीपासून आहे.

उपम्याचं मिक्स: तुपात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, सुकी मिरची, थोडी उडदाची डाळ अशी फोडणी करून त्यातच रवा खमंग भाजायचा, मीठ, चिमूटभर साखर आणि लिंबूफूल घालून गार झाला की पिशवीत. कढीपत्ता अगदी कुरकुरीत झाला पाहिजे, ओला राहिला तर मिक्सला वास लागतो. वर गेल्यावर वाटीला अडीच वाट्या उकळतं पाणी, ढवळा, झाकण, तीन-चार मिनिटं. माणशी ९० ग्रॅम धरा.

रात्रीसाठी खिचडी, पण तांदळाची नाही. पोहे म्हणजे आधीच शिजवून चपटा केलेला तांदूळच की, मग परत तांदूळ कशाला शिजवत बसायचं? मूगडाळ भाजून मिक्सरमधून रवाळ काढायची, जाडे पोहे कढईत कुरकुरीत करायचे, दोन्ही वेगवेगळ्या पिशवीत, मीठ-हळद-हिंग-जिरं-गोडा मसाला डाळीतच घालून ठेवायचा. वर डाळ पाण्यात टाकून पाच-सहा मिनिटं उकळायची, बोटात चिरडून बघायची, मऊ झाली की पोहे टाकून स्टोव्ह बंद, झाकण ठेवून पाच मिनिटं. माणशी ४० ग्रॅम डाळ, ८० ग्रॅम पोहे आणि वरून २० ग्रॅम तूप, साधारण ६०० कॅलरी होतात. तूप वाढताना कंजूषपणा करू नका, घरी कोलेस्टेरॉलचं भाषण देणारे इथे दुसऱ्यांदा मागून घेतात. प्रोटीन वाढवायचं तर सोयाबीनचा चुरा मूठभर टाका, त्यात १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं आणि वजन काहीच नाही.

तिसरं पिठलं. बेसन घरीच तेलात फोडणीसकट खमंग भाजून न्यायचं, वर फक्त पाणी. आणि सोबत सोलापूरकडची कडक भाकरी. ही ज्यांना माहीत नाही त्यांनी एकदा आणून बघाच, ज्वारीची किंवा बाजरीची पातळ वाळवलेली भाकरी, पाणी जवळजवळ नाही म्हणून हलकी, कितीतरी दिवस टिकते, गरम पिठल्यात कुस्करली की भांडं चाटूनपुसून साफ. तुटली तर तुटली, कुस्करायचीच आहे. ब्रेडपेक्षा शंभर पट बरी, ब्रेडचा सॅकेत लगदा होतो आणि पोटात तासभर पण राहत नाही.

मॅगीबद्दल भांडण नको म्हणून सांगतो, न्या, पण जेवण म्हणून नको. ७० ग्रॅमच्या एका पाकिटात ३०० कॅलरीच्या आसपास मिळतात, प्रोटीन नावाला. संध्याकाळचं खाणं म्हणून ठीक आहे.

सॅकच उचलवत नाही

इथे गणित सोपं आहे, तुम्ही पाणी वाहताय. एक किलो बटाट्यात पावणेआठशे कॅलरी, तेवढ्याच १४० ग्रॅम शेंगदाण्यात. टोमॅटो आणि काकडीचं तर बोलूच नका, किलोभर वाहून दोनशे कॅलरी पण मिळत नाहीत. चव म्हणून एखादं लिंबू, चार मिरच्या, आल्याचा तुकडा ठीक आहे, आणि पहिल्या दिवशीच्या दुपारी पायथ्याशी संपवायला काकडी न्या हवी तर.

तूप १०० ग्रॅमला ९०० कॅलरी, सुकं खोबरं साडेसहाशेच्या वर, शेंगदाणे आणि तीळ ५७० च्या आसपास, दुधाची पावडर (साय न काढलेल्या दुधाची) ५०० च्या जवळ, गूळ ३८०, पोहे ३५०. ही यादी बघितली तर लक्षात येईल की आपल्या आज्यांनी थंडीत तीळ, गूळ, खोबरं, डिंक, तूप हेच का पुढे केलं. माणशी दिवसाला पाऊण किलोच्या आसपास कोरडं सामान धरलं आणि त्याचा सरासरी हिशोब १०० ग्रॅमला चारशेच्या वर राहिला की ३००० चा आकडा आरामात गाठता येतो. घरी किचनचा वजनकाटा असेल तर माणशी एक पिशवी करा, अंदाजाने भरलं की प्रत्येक जण "असू दे अजून थोडं" करत जातो आणि सहा जणांचं ते थोडं मिळून तीन किलो होतं.

अजून एक, या रूटवर सगळं जेवण पाठीवर न्यायची गरजच नाही. कुमशेत, पाचनईत आधी सांगून ठेवलं तर घरगुती पिठलं-भाकरी मिळते, हरिश्चंद्रगडावर पण शनिवार-रविवारी स्थानिक लोक जेवण देतात. दोन पैसे त्यांना मिळतात, तुमची पाठ वाचते. अलंग-मदन-कुलंग करत असाल तर मात्र वर काही नाही, तिथे सगळं स्वतःचं.

लाडू-चिक्की परत येतेय

दोन कारणं. एक तर ते सॅकेच्या तळाशी असतं, आणि "पुढच्या ब्रेकला काढू" करत ब्रेक येतच नाही. सकाळी निघतानाच दिवसभराचं चरणं प्रत्येकाच्या कमरेच्या पाऊचमध्ये किंवा खिशात गेलं पाहिजे, आणि दर तासा-सव्वातासाने चालता चालता दोन घास, भूक असो नसो. दुपारी एकदम दोन तास बसून जेवायची पद्धत थंडीत सोडाच, घाम गार होतो, अंग आखडतं आणि परत उठवत नाही. थोडं थोडं सतत, हे पचतंही बरं. मी माणशी १०० ग्रॅम शेंगदाणे-खोबरं-गुळाचे खडे आणि दोन डिंकाचे लाडू असं देतो, ते साडेनऊशेच्या आसपास जातं.

दुसरं कारण जास्त गमतीशीर आहे. थंडीत वस्तू घट्ट होतात. पाकातले डिंकाचे लाडू पहाटे दगड झालेले असतात, चिक्कीने दाताचं सिमेंट निघायची भीती, चॉकलेटला चवच लागत नाही, खोबरेल तर २४ डिग्रीलाच गोठतं. म्हणून लाडू पाकातले नको, कुटलेल्या खारकेचे आणि तुपात वळलेले, आणि लिंबाएवढेच लहान, एका घासात जाणारे. चिक्की न्यायची तर घरूनच तुकडे करून. सकाळी खायचा ऐवज रात्री स्लीपिंग बॅगच्या आत कपड्यांत ठेवायचा, तंबूत उंदीर शिरतात तिथे मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर बॅगेलाच भोक पडलेलं मिळेल. हरिश्चंद्रगडावर दिवसा माकडं पण असतात, पाऊच जमिनीवर ठेवून फोटो काढायला गेलात की गेला.

जानेवारीत जात असाल तर गुळपोळीसारखं दुसरं काही नाही. आठवडाभर सहज टिकते, तीळ-गूळ-बेसन-तूप सगळं आत, गरम करायची गरज नाही. दशमी पण चालते, दोन दिवस मऊ राहते, सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी.

रात्री बारानंतर थंडी वाजून जाग येते

लोक लगेच स्लीपिंग बॅगला दोष देतात. असेलही, पण आधी शेवटचं कधी आणि काय खाल्लं ते आठवा. साडेसातला सूप आणि चार बिस्किटं खाऊन झोपलात तर बारा वाजेपर्यंत सगळं जळून गेलेलं असतं, आणि कुडकुडण्यात जी साखर जाते ती वेगळीच. झोपायच्या अर्धा तास आधी काहीतरी तुपाचं किंवा दाण्याचं खा, ते हळूहळू पचतं आणि त्यातून ऊब मिळत राहते. आमच्याकडे दुधाच्या पावडरीचं गरम दूध, हळद, साखर आणि एक लाडू असा नेम आहे, अडीच-तीनशे कॅलरी होतात. जाग आलीच तर उशाला ठेवलेले चार दाणे आणि गुळाचा खडा तोंडात टाका आणि परत झोपा.

आणि ते "थोडी घेतली की ऊब येते" वाले असतात प्रत्येक ग्रुपात. दारूने कातडीकडे रक्त जातं म्हणून गरम वाटतं, आणि तीच ऊब बाहेर निघून जाते, आतून माणूस गारच पडतो. पटत नसेल तर निदान हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी तरी राहू द्या.

स्टोव्ह पेटत नाही किंवा धुगधुगतो

बाजारात जे स्वस्त लांबट कॅन मिळतात त्यात बहुतेक ब्युटेन असतो. ब्युटेन उकळतो उणे ०.५ डिग्रीला, म्हणजे शून्याच्या आसपास तो कॅनमधून वायू होऊन बाहेरच यायला तयार नसतो, आणि सह्याद्रीतल्या पाच-सात डिग्रीत पण स्टोव्ह चालू असताना कॅन स्वतःच गार होत जातो, म्हणून पहाटे आच मरते. कॅन संपला म्हणून लोक नवीन लावतात, तो पण तसाच. आधी कॅन रात्रभर स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवा, सकाळी जमिनीवर न ठेवता मॅटच्या तुकड्यावर ठेवा, तरी नाही तर कोमट पाण्याच्या ताटलीत, कोमट म्हणजे हात घालता येईल असं, उकळतं नाही. आयसोब्युटेन-प्रोपेन मिक्सचे कॅन थंडीत चांगले चालतात, महाग आहेत.

वाऱ्याला आडोसा करा पण कॅनच्या भोवती पत्रा गुंडाळू नका, कॅन तापला तर फुटतो. आणि तंबूच्या आत स्टोव्ह अजिबात नको, आगीचं तर झालंच, पण स्टोव्हमधून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळतच नाही. शेकोटीवर जेवण करू म्हणणाऱ्यांसाठी, हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, जंगलात आग पेटवायची नाही.

गॅस किती न्यायचा? वारा नसेल तर लिटरभर पाणी उकळायला १२-१५ ग्रॅम, वाऱ्यात दुप्पट पण जातो. सहा जणांना रात्री पाच आणि सकाळी चार लिटर धरलं तर झाकण लावून १५० ग्रॅमच्या आत बसतं. झाकण लावायचं हे लिहायला लागतंय कारण निम्मे लोक लावत नाहीत.

डोकं दुखतं, पोट साफ होत नाही

पाणी कमी पडतंय. थंडीत तहान लागत नाही, आणि रात्री तंबूच्या बाहेर जायला लागू नये म्हणून लोक मुद्दाम पीत नाहीत (खरं आहे की नाही?). गार पाणी घशाखाली उतरत नसेल तर गरम प्या. आमसुलं न्या, मूठभर पुरतात, गरम पाण्यात आमसूल, जिरं, गूळ, मीठ टाकलं की कोकमाचं सार तयार, मीठ-साखर दोन्ही मिळते. नाहीतर हुलग्याचं माडगं, हुलगे भाजून केलेलं पीठ, पाण्यात कालवून लसूण-मीठ घालून पाच मिनिटं उकळायचं. कॅम्पवर पोचल्या पोचल्या हे हातात आलं की जेवण होईपर्यंत कुणी कुरकुर करत नाही. तयार पाकिटातल्या सूपपेक्षा मला हे कधीही चालेल.

बर्फात जाणाऱ्यांसाठी

उत्तराखंडातला केदारकंठा वगैरे डिसेंबर-जानेवारीत स्वतःचं स्वतः करणार असाल तर वरचं सगळं लागू आहेच, पण तीन गोष्टी बदलतात. एक, ३००० मीटरवर पाणी ९० डिग्रीलाच उकळतं, आणि माथा ३८०० मीटरच्या आसपास, त्यामुळे डाळ-तांदूळ विसरा, मूगडाळीचा रवा पण अजून बारीक काढा. दोन, पाणी बर्फ वितळवून करायचं असेल तर गॅसचा हिशोब जवळजवळ दुप्पट. शून्य डिग्रीचा बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० डिग्रीपर्यंत तापतं. भांड्यात तळाला थोडं पाणी ठेवून मगच बर्फ टाका, नुसता भुसभुशीत बर्फ टाकला की भांडं करपतं आणि पाण्याला जळका वास येतो. बाटली रात्री उलटी ठेवा, बर्फ वरच्या बाजूने धरतो, तोंड मोकळं राहतं. तीन, उंचीवर भूक मरते आणि तेलकट नको वाटतं, तिथे तुपाचा हट्ट धरू नका, गोड आणि पातळ द्या: शिरा, साखर घातलेलं दूध, गूळपाणी, उपमा सैलसर. मात्र कुणाचं डोकं दुखतंय, उलटी होतेय आणि जेवण जात नाहीये तर ते स्वयंपाकाचं काम नाही, त्याला खाली उतरवा.

गॅसचे कॅन विमानात चालत नाहीत, रेल्वेत पण नाहीत. डेहराडूनला पोचल्यावर घ्या, सांकरीत, म्हणजे केदारकंठ्याच्या पायथ्याच्या गावात, मिळेल या भरवशावर राहू नका.

राहिलेलं किरकोळ

मार्गशीर्षातला गुरुवार मध्ये आला की उपासवाले निघतात, आधी विचारून घ्या. त्यांना राजगिऱ्याचे लाडू, दाण्याचे लाडू, खजूर आणि रात्री वरीचे तांदूळ, ते भाजून रवाळ काढून नेले तर सात-आठ मिनिटांत होतात. त्याच महिन्यात काही जण वशाट पण खात नाहीत, म्हणून जवळ्याचा बेत करणाऱ्यांनी भांडं वेगळं आणावं. एरवी सुका जवळा घरी भाजून नेला तर हलका आणि प्रोटीनवाला, पिठल्यात टाकला की काम झालं, वासाने तंबू मात्र दोन दिवस घमघमतो.

शुगरवाल्यांनी गुळाच्या खड्यांवर दिवस काढू नये, फुटाणे, दाणे, कडक भाकरी जास्त ठेवावी, आणि इन्सुलिन असेल तर ते गोठू देऊ नका, रात्री अंगाशी ठेवा, एकदा गोठलेलं परत वापरायचं नसतं.

बाहेरची खोकी आणि पाकिटं घरीच फोडून सामान जाड पिशव्यांत भरा, प्रत्येक पिशवीवर मार्करने "दिवस २ सकाळ, ६ जण, पाणी अडीच लिटर" असं लिहा. पहाटे पाच वाजता गारठलेल्या हातांनी ज्याला स्टोव्ह लावायचाय तो किराणा बघणारा असेलच असं नाही, आणि असं लिहिलेलं असलं की तुम्हाला उठवायला कुणी येत नाही.